"पोराला काही झालं तर १०८ ची वाट बघू नका" म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

तो मेसेज बहुतेक सगळ्यांकडे आलाय. लहान मुलाला काही झालं तर १०८ ला फोन करू नका, ती अॅम्ब्युलन्स फक्त अॅक्सिडेंटसाठी असते, सरकारी दवाखान्यात मुलांसाठी काही नसतं, खासगीवाले पोलिसांशिवाय हात लावत नाहीत, थेट जिल्ह्याचं मोठं हॉस्पिटल गाठा. लिहिणाऱ्याला काळजी असेल, पण हे ऐकून लोक वागले तर पोरं वाटेतच जातील.

१०८ फक्त अॅक्सिडेंटसाठी? साफ चूक. महाराष्ट्रात २०१४ ला ९३७ गाड्या घेऊन ही सेवा सुरू झाली. झटका (फिट, आकडी), दम लागणं, भाजणं, साप, विंचू, कशालाही येते, पैसे लागत नाहीत. वर्षाच्या आतलं बाळ आजारी असेल तर सरकारी दवाखान्यात न्यायला १०२ ची गाडी पण फुकट आहे.

सरकारी दवाखान्यात काही नसतं, हे तर सगळ्यात घातक. कोकणातला लाल विंचू घ्या. लहान मुलाला चावला की उलट्या, दरदरून घाम, हातपाय गार, मग विषाचा परिणाम हृदयावर आणि फुफ्फुसात पाणी. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असे पेशंट बघितले आणि पुढे प्राझोसिन नावाच्या ब्लड प्रेशरच्या स्वस्त गोळीने ते वाचतात हे जगाला दाखवलं. ही गोळी जितकी लवकर पोटात जाईल तितकं बरं, आणि तुम्ही गावातलं केंद्र ओलांडून दोन तास गाडी पळवताय! सापाचं पण तेच, इंजेक्शन जवळ मिळत असेल तर आधी तिथे, मग पुढे.

पोलिसांचं म्हणाल तर सुप्रीम कोर्टाने १९८९ ला परमानंद कटारा केसमध्येच सांगितलंय की सरकारी असो की खासगी, डॉक्टरने आधी जीव वाचवायचा, कागदपत्रं नंतर. कोणी अडवलं तर हे ठणकावून सांगा.

आता एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीये पण खरी आहे, मेळघाट, गडचिरोलीसारख्या भागात गाडी यायला फार वेळ लागू शकतो. म्हणून फोनवरच विचारा गाडी कुठे आहे, किती वेळ लागेल, उशीर असेल तर गावातली जीप काढा आणि कुठे नेऊ, वाटेत १०८ भेटेल का, हे पण त्यांनाच विचारा. तोवर झटका आलेल्या पोराला कुशीवर वळवा, तोंडात चमचा नको, कांदा चप्पल हुंगवणं नको. साप चावला तर आवळून दोरी बांधू नका, हातपाय हलू देऊ नका.

आणि राग काढायचाच असेल तर ग्रामसभेत काढा ना. आपल्या केंद्रात प्राझोसिन आहे का, सापाचं इंजेक्शन आहे का, लहान मुलाच्या मापाचा ऑक्सिजन मास्क आहे का, रात्री ड्युटीला कोण असतं, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी मागा.