कोळसा सोडण्याचा खर्च कोणी उचलायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

चंद्रपूरच्या खाणपट्ट्यावरचा माझा लेख वाचून तुम्ही लिहिलंत, 'वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) कामगारांना चांगला पगार आहे, पेन्शन आहे. सौरवीज स्वस्त झाल्यामुळे कोळसा आपोआप मागे पडेल. मग पुण्यातल्या पगारदाराने त्यांच्यासाठी आणखी कर का भरायचा?' बरेच जण हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

कायम कामगारांबद्दल तुमचं बरोबर आहे. खाण बंद पडली तर त्यांची दुसऱ्या खाणीत बदली तरी होते. पण चंद्रपूरच्या घुग्घुस किंवा दुर्गापूर खाणीवर पाळी बदलताना गेटवर थांबून बघा. माती उपसणाऱ्या कंत्राटदाराची माणसं, टिप्परचे ड्रायव्हर, रेल्वे सायडिंगवर वॅगनमध्ये कोळसा भरणारे. रस्त्याच्या कडेला टायरवाला, खानावळ, ड्रायव्हरांना खोल्या भाड्याने देणारी घरं. यांची बदली कुठे करणार? नुकसानभरपाईच्या यादीत यायला आधी कुठल्या तरी हजेरीपटावर नाव लागतं, आणि टायरवाल्याचं ते कुठेच नसतं. माझा लेख या लोकांबद्दल होता.

आता 'आणखी कर'. पैसे आपण आधीच भरलेत. 2010 साली केंद्राने कोळशावर टनामागे 50 रुपये उपकर लावला, स्वच्छ ऊर्जेसाठी म्हणून. 2016 पर्यंत तो 400 रुपये झाला. जीएसटी येईपर्यंत सुमारे 86 हजार कोटी रुपये जमले. त्यातले स्वच्छ ऊर्जा निधीत पोचले जेमतेम 30 हजार कोटी, आणि प्रत्यक्ष प्रकल्पांवर खर्च झाले त्याच्या निम्म्याच्या आसपास. 2017 नंतर तेच 400 रुपये जीएसटीमुळे राज्यांचा बुडालेला महसूल भरून देण्याकडे वळवले. सप्टेंबर 2025 मध्ये हा उपकर गेला आणि कोळशावरचा जीएसटी 5 वरून 18 टक्के झाला. वीज जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे वीज कंपनीला या कराचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) मिळत नाही आणि तो शेवटी युनिटच्या दरात शिरतो. चंद्रपूरच्या झोपडीतला माणूस आणि तुम्ही-मी, सगळे तो युनिटमागे भरतोय. कोळसा सोडताना होरपळणाऱ्यांसाठी मात्र त्यातला एक रुपयाही राखून ठेवलेला नाही. मला संताप येतो तो याचा.

खाणबाधित लोकांसाठीचा निधी सांभाळणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे ना, असं कोणी म्हणेल. आहे. 2015 च्या आधीच्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या 30 टक्के रक्कम तिथे भरावी लागते. पण ही रक्कम कोळसा निघतो तोवरच येते. खाण बंद झाली की निधीही आटतो, म्हणजे गरज सर्वात जास्त असते नेमकी तेव्हा.

आणि 'आपोआप'? कोळसा आपोआप मागे पडेलही, पण त्याचा खर्च आपोआप योग्य माणसाकडे जाणार नाही. तुमचं वीजबिल काढून बघा. वीज आकाराखेरीज स्थिर आकार, वहन आकार (तारांतून वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन आकार आणि या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. ज्याच्या मालकीचं छप्पर आहे त्याला छतावर सौर पॅनेल बसवायला केंद्राच्या सूर्यघर योजनेत 78 हजारांपर्यंत अनुदान मिळतं आणि त्याचं बिल जवळपास शून्यावर येतं. हे अनुदान चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण खांब, तारा, रोहित्रं यांचा खर्च तेवढाच राहतो, आणि तो चाळीतल्या भाडेकरूच्या वहन आकारात जाऊन बसतो. रेल्वेचंही तसंच. मालवाहतुकीत जवळपास निम्मं वजन कोळशाचं आहे, आणि त्या कमाईवर पॅसेंजरचं तिकीट स्वस्त ठेवलं जातं. कोळसा गेला की ती तूट कोण भरणार?

म्हणून माझी मागणी नव्या कराची नाहीच. कोळसा सोडण्याचा हा खर्च युनिटच्या दरातून काढून सरकारच्या तिजोरीवर टाका, म्हणजे ज्याची मिळकत जास्त त्याच्याकडून जास्त येईल. आणि कोळशावरच्या जीएसटीतला ठरावीक हिस्सा कायद्याने कोळसा जिल्ह्यांसाठी बांधून द्या, कंत्राटी मजुरांच्या नोंदणीपासून सुरुवात करून. तुमच्या हिशेबाने पगारदारावर बोजा वाढतो, तो इथे वाढतोच असं नाही. आधीच दिलेले पैसे ठरलेल्या जागी जातात, एवढंच.

वीज नियामक आयोगाची दरवाढीची पुढची सुनावणी लागली की हरकती मागवल्या जातील. वहन आकाराबद्दल मी लेखी हरकत देणार आहे. तुम्हीही द्या. तुमचं म्हणणं माझ्या विरोधात असलं तरी चालेल, पण पुण्यातला पगारदार आणि घुग्घुसचा ड्रायव्हर यांचे आकडे एकदा आयोगासमोर शेजारी-शेजारी यायला हवेत.