भोकाचे पाचशे

रविवारी पंचवटीतल्या एका वाड्यात मी पाचशे रुपयांना भोक विकत घेतलं. पावती मिळाली नाही.

घ्यायला गेलो होतो जुनी येझदी मोटारसायकल. बोळात भिंतीला टेकवलेली, टायर मातीत रुतलेले, सीटमधून गवत. गंजकी गाडी बघायची कशी, हे मला कळतं. टाकी, मडगार्ड हा नुसता पत्रा, तो बडवून नवा मिळतो. बघायची चेसिस, म्हणजे गाडीचा सांगाडा. जोडाजोडावर डिसमिसची मूठ आपटायची. खणखण वाजलं तर लोखंड, भद्द वाजलं तर रंगाआड तांबेरा. ठोकलेला नंबर आरसी बुकाशी जुळला पाहिजे. इंजिन जाम असेल तर प्लग काढून डिझेल ओतायचं आणि दोन दिवस गप्प बसायचं.

गप्प बसणं ओट्यावरच्या बनियनवाल्या काकांना जमत नव्हतं.

"२०१९ चा पूर बघितलाय तिने. गोदेतला दुतोंड्या मारुती अख्खा बुडाला, ही हँडलपर्यंतच."

"म्हणजे इंजिनात गाळ असणार."

"गाळ कसला? गोदेचं पाणी, तीर्थ ते!"

"चालू कधीपर्यंत होती?"

"परवापरवापर्यंत. आमच्या बंड्याची मुंज झाली तोवर."

बंड्याला आता सून आली आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

मग काका खाली उतरले. येझदीची किक आत दाबून फिरवली की तिचाच गिअरचा दांडा होतो. ही करामत दाखवल्याशिवाय जुन्या येझदीवाल्याला जेवण जात नाही. काकांनी किक दाबली. ती आत गेली आणि तिथेच राहिली.

"पूर्वी व्हायचं," काका म्हणाले.

चेसिस मात्र खणखणत होती, नंबर वाचता येत होता. मनात आकडा ठरला. तेवढ्यात काका म्हणाले, "पाहुणे, इथे मारून बघा, कच्ची वाटते." मी मागच्या मडगार्डवर डिसमिस टेकवला. टेकवला, मारला नाही. तो मुठीपर्यंत आत.

मालक बाहेर आला. पंचविशीचा पोरगा, हातात मोबाइल. "अहो काका, विंटेज आहे ती! भोक पाडलंत!"

"गंजाने पाडलंय. मी फक्त दाखवलं."

"मी बघितलं ना," बनियन म्हणालं. "यांनीच मारलं."

"तुम्हीच म्हणालात, मारा!"

"मी उद्या रामकुंडात उडी मारा म्हणेन. माराल?"

यावर उत्तर नसतं. पाचशे काढून दिले.

राग पैशांचा नाही. म्हणजे आहेच, पण त्याहून या विंटेजचा आहे. येझदीचा म्हैसूरचा कारखाना १९९६ साली बंद पडला, तेव्हा हिच्यावर साधं गोणपाट टाकायला कुणाला सवड नव्हती. वर्षानुवर्षं पावसात कुजवली, भंगारवाल्याशी किलोवर घासाघीस केली असेल. मग कुणीतरी मोबाइलवर चकचकीत येझदीचा फोटो दाखवला आणि रातोरात ती वाडवडिलांची ठेव झाली.

आणि गाडी वाचण्यासारखी होती हो. भोक नसतं पडलं तर तिथेच इसार देऊन आलो असतो.

घरी येऊन पिशवी उघडली तर डिसमिस नाही. मडगार्डातच राहिला. आणायला जायचं तर वाट त्या ओट्यावरूनच आहे.