"पण तुम्ही राहिलात ना?"

"मॅडम, पण तुम्ही राहिलात ना? मग पैसे कसले परत मागताय?"

हे वाक्य गेल्या दीड महिन्यात मी तीन जणांकडून ऐकलं. आधी सुट्टीत ज्याच्या घरात उतरलो होतो त्या मालकाकडून, मग बुकिंग अ‍ॅपच्या कस्टमर केअरकडून आणि तिसऱ्यांदा एका लग्नाच्या पंगतीत, आमच्याच नात्यातल्या एका काकांकडून. काकांनी ते प्रेमाने म्हटलं, पण मला तेच जास्त लागलं. म्हणून सविस्तर लिहितेय. लांबलंय, पण सुट्टीला बाहेर जाणाऱ्यांनी वाचा अशी विनंती आहे.

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही मालवणच्या बाजूला गेलो होतो. मी, नवरा, दोन मुलं, नणंद आणि सासूबाई. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन एप्रिलमध्ये झालं. त्यानंतर त्या पहिल्यांदाच सांगलीबाहेर पडत होत्या. ही सहल खरं तर त्यांच्यासाठीच होती. त्यांना समुद्र बघायचा होता, आणि तो खोलीच्या दारात खुर्ची टाकून बघायचा होता. एवढीच इच्छा.

म्हणून मी महिनाभर आधीपासून शोधत होते. एका अ‍ॅपवर घर सापडलं. समुद्राला लागून, एसी, गरम पाणी, घरगुती जेवण, तळमजल्यावर खोली. फोटोत ओटा, ओट्यावर दोन खुर्च्या आणि समोर पाणी. दोन खोल्या, दोन रात्री, एका खोलीला रात्रीचे ४,५०० म्हणजे एकूण १८,००० रुपये. सगळे आगाऊ भरले. पैसे भरण्याआधी अ‍ॅपवरच्या चॅटमध्ये मालकाला स्पष्ट विचारलं होतं, "सासूबाईंना जिना चढता येत नाही, एक खोली खालचीच हवी, नक्की मिळेल का?" उत्तर आलं, "हो मॅडम, खालची रूम तुमचीच."

सांगलीतून दुपारी निघालो. कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली, कसालवरून आत वळलो. मुक्कामाला पोचायला साडेआठ झाले. गेटवर एकोणीस-वीस वर्षांचा मुलगा टॉर्च घेऊन उभा होता. त्याने बॅगा उचलल्या आणि सरळ बाहेरच्या लोखंडी जिन्याकडे निघाला.

खालच्या खोलीत दुसरं कुटुंब उतरलं होतं.

तो जिना मला अजून दिसतो. चौदा पायऱ्या. पत्र्याच्या, अरुंद, एका बाजूला कठडा आणि दुसऱ्या बाजूला काही नाही. सासूबाई दोन पायऱ्या चढल्या आणि थांबल्या. मग वळल्या, पायरीवर बसल्या आणि हाताने रेटा देत एकेक पायरी बसूनच वर सरकल्या. नणंद खालून त्यांचा पाय धरून होती. वर पोचल्यावर पहिलं वाक्य काय, तर "माझ्यामुळे भांडू नका रे, मुलं दमलीत."

खोलीत कुबट वास. चादर वरून धुतलेली दिसत होती, पण गादीखाली हात घातला तर ओल लागली. एसी सुरू होत होता, पण हवा गार होत नव्हती. गिझरचा दिवासुद्धा लागला नाही. खिडकी उघडली तर हातभर अंतरावर शेजारच्याची भिंत. समुद्राचा आवाज मात्र येत होता, तेवढं खरं होतं.

मी त्या मुलाला बोलले नाही. बोलून काय उपयोग होता? "ताई, मालक मुंबैक असतत. माझ्या हातात काय नाय ओ," एवढंच तो म्हणाला आणि स्वतःची कोरडी चादर आणून दिली. जेवण त्याच्या आईने केलेलं होतं आणि ते उत्तम होतं. त्या मायलेकांविरुद्ध माझी काहीही तक्रार नाही. मालकाला मी लेखी कळवलं त्यातही हे पहिल्या ओळीत लिहिलं, नाहीतर सगळा राग त्या पोराच्या पगारावर निघाला असता.

आता मूळ प्रश्न. आम्ही राहिलो ना? हो, राहिलो. रात्रीचे साडेआठ, वर्षअखेरची गर्दी, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या सासूबाई, पेंगलेली दोन मुलं. त्या वेळी अनोळखी गावात कुठे जाणार होतो आम्ही? नाइलाजाने टेकलेल्या पाठीला संमती म्हणायचं का? शिंप्याने ब्लाउज बिघडवला आणि लग्न दुसऱ्या दिवशी असेल, तर आपण तोच घालून उभ्या राहतो. म्हणून तो नीट शिवला होता असं होत नाही, आणि शिंप्याला पूर्ण शिलाईही मिळत नाही.

कायदाही हेच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'सेवेतील त्रुटी' कशाला म्हणायचं ते लिहिलेलं आहे. जे द्यायचं कबूल केलं, त्याच्या दर्जात, स्वरूपात किंवा पद्धतीत उणीव राहिली की ती त्रुटी. मोजायचं ते कबूल केलेल्या गोष्टीशी. डोक्यावर छप्पर होतं की नव्हतं, याच्याशी नव्हे.

त्या रात्री मी एक काम केलं, आणि पुढे जे पैसे मिळाले ते त्याच कामामुळे. बॅगा उघडण्याआधी दोन्ही खोल्यांचा सलग व्हिडिओ घेतला. जिना, गादी, एसीचा रिमोट हातात धरून आकडा, गिझर, खिडकी. आणि नऊच्या आत अ‍ॅपच्या चॅटमध्ये मालकाला लिहिलं: कबूल केलेली खालची खोली मिळाली नाही, गरम पाणी नाही, एसी चालत नाही, आज रात्री दुरुस्त करा किंवा खोली बदलून द्या, नाहीतर उद्या सकाळी आम्ही निघू आणि परतावा मागू. फोनही केला, पण फोनवर बोललेलं हवेत जातं. लिहिलेलं राहतं. नवरा म्हणत होता, "जाऊ दे गं, सुट्टीचा मूड नको घालवूस." मूड जिन्याच्या दुसऱ्या पायरीवरच गेला होता.

मालकाचं उत्तर सकाळी दहाला आलं. "सीझनमध्ये अ‍ॅडजस्ट करायला लागतं मॅडम."

आम्ही अकराला बाहेर पडलो. नवरा आणि नणंद गाडीतून उतरून घरोघर विचारत फिरले. तिसऱ्या-चौथ्या ठिकाणी एका घरासमोर 'निवास व न्याहारी'ची पाटी दिसली. राज्याच्या पर्यटन खात्याच्या या योजनेत लोक आपल्या राहत्या घरातल्या खोल्या नोंदवून पाहुण्यांना देतात. साठीच्या काकू बाहेर आल्या. भाव विचारला तर म्हणाल्या, "आधी खोली बघा, मगे सांगा." खोली दाखवताना त्यांनी आपण होऊन सांगितलं की पाणी तापायला वीस मिनिटं लागतात, एसी नाही, आणि समुद्र माडांच्या पलीकडे आहे, दारातून दिसत नाही. दोन खोल्यांचे एका रात्रीचे ५,००० रुपये. दार जमिनीलगत. सासूबाई चार पावलांत आत गेल्या आणि संध्याकाळी नणंदेच्या हाताला धरून वाळूपर्यंत चालत गेल्या. त्यांच्यासाठी काकूंनी स्वतः खुर्ची उचलून नेली.

मला चीड येते ती या ठिकाणी. त्या काकूंचा फोटो कुठल्याही अ‍ॅपवर पहिल्या पानावर येत नाही, कारण त्यांनी खोलीचा खरा फोटो टाकलाय. ज्याने पाच वर्षांपूर्वीचा, कदाचित दुसऱ्याच ओट्याचा फोटो टाकला, त्याच्याकडे माझ्यासारखीचे १८,००० रुपये आगाऊ जातात. आपण "जाऊ दे" म्हणून गप्प बसतो तेव्हा आपले पैसे तर जातातच, पण काकूंचं गिऱ्हाईकही जातं. कोकणात घर सांभाळून, माणसं सांभाळून हा व्यवसाय करणारी शेकडो कुटुंबं आहेत. त्यांच्या बाजूने उभं राहायचं तर खोटं विकणाऱ्याकडे पैसे परत मागावेच लागतात.

घरी आल्यावर हिशेब मांडला. दुसऱ्या रात्रीचे दोन्ही खोल्यांचे ९,०००, कारण आम्ही तिथे नव्हतोच. पहिल्या रात्रीचे एका खोलीचे ४,५००, कारण ती खोली खालची म्हणून घेतली होती आणि दिली वरची. एकूण १३,५००. दुसऱ्या खोलीचे पहिल्या रात्रीचे मागितले नाहीत, तिथे मुलं झोपली होती. काकूंना दिलेले ५,०००, पेट्रोल, मनस्ताप, काहीही धरलं नाही. धरता आलं असतं, पण मला असा आकडा हवा होता ज्यातला रुपया न् रुपया मी कोणासमोरही समजावून सांगू शकेन.

त्यानंतर सुरू झाला टोलवाटोलवीचा खेळ. मालक म्हणे अ‍ॅपला विचारा, पैसे त्यांच्याकडे. अ‍ॅप म्हणे प्रॉपर्टीला विचारा, त्यांनी होकार दिला तर आम्ही देऊ. आणि दोघांचंही ठरलेलं वाक्य, "बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे."

हा शब्द नीट समजून घ्या. माझा बेत बदलला, मूल आजारी पडलं, रजा मिळाली नाही, तर नॉन-रिफंडेबल. तो धोका मी पत्करलेला असतो. पण कबूल केलेली वस्तू तुम्ही दिलीच नाही, तर ती अट तुमच्या चुकीवर पांघरूण घालायला वापरता येत नाही. मी हेच, याच शब्दांत कस्टमर केअरला लिहिलं. त्यांनी २,००० रुपयांचं कूपन देऊ केलं, पुढच्या बुकिंगला वापरायचं. मी नाही म्हटलं.

मग मी कस्टमर केअर सोडून त्यांच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल केला. ऑनलाइन विक्री करणाऱ्या प्रत्येक कंपनीला असा अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव, संपर्क वेबसाइटवर द्यावा लागतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रारीचं निवारण करायचं. मेलमध्ये विशेषणं एकही घातली नाहीत. तारीख, वेळ, बुकिंग क्रमांक, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, "खालची रूम तुमचीच" हा मेसेज, त्या रात्रीचा व्हिडिओ, माझा नऊच्या आतला मेसेज, त्यावरचं सकाळचं उत्तर, आणि १३,५०० चा हिशेब. जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्याकडे होता तो केवळ सासूबाईंना दाखवायला घरच्या ग्रुपवर टाकला होता म्हणून. आम्ही परत येईपर्यंत जाहिरातीतून 'तळमजला' हा शब्द गायब झाला होता. आता मी पैसे भरायच्या आधी पूर्ण पान सेव्ह करते.

शिवाय १९१५ वर फोन केला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतूनही बोलता येतं. ती काही न्यायालय नाही, कुणाला पैसे द्यायला भाग पाडू शकत नाही. पण तक्रार क्रमांकासह कंपनीकडे जाते आणि कंपनीकडून उत्तर मागवलं जातं. आमच्या प्रकरणात खरी हालचाल तिथून सुरू झाली.

चार दिवसांनी मालकाचा स्वतःहून फोन आला. आवाज बदललेला. "ताई, ९,००० लगेच टाकतो, फक्त तो रिव्ह्यू काढा." घरी आल्यावर मी अ‍ॅपवर साधा, खरा रिव्ह्यू लिहिला होता, फोटोसकट. खरं सांगते, क्षणभर मोह झाला. ९,००० रुपये म्हणजे आमच्या घरात मुलाची क्लासची फी. पण तो रिव्ह्यू काढला असता, तर पुढच्या सीझनला आणखी कुणाची तरी आई त्या जिन्यावर बसली असती. मी म्हटलं, पैसे मिळाले की रिव्ह्यूखाली "परतावा मिळाला" असं नक्की लिहीन. काढणार नाही.

शेवटच्या मेलमध्ये मी लिहिलं की पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. ही धमकी नव्हती, अर्ज तयार होता. बऱ्याच जणांना वाटतं की मालवणचं प्रकरण म्हणजे सिंधुदुर्गाला खेपा. तसं नाही. २०१९ च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या आयोगाकडे जाता येतं. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. वकील लावायलाच हवा असं नाही. ई-जागृती पोर्टलवर घरबसल्या तक्रार दाखल होते. मुदत दोन वर्षांची. माझे वडील ग्राहक पंचायतीचं काम करायचे. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात सुरू केलेली ही चळवळ आमच्या घरात साखर-तेलाच्या वजनापासून ऐकली आहे. दुकानदाराकडे पावती मागताना बाबा कधीही आवाज चढवत नसत. पावती मिळेपर्यंत जागचे हलत नसत, इतकंच.

बाराव्या दिवशी १२,००० जमा झाले. १,५०० कमी. तेवढ्यासाठी पुढे जायचं का, यावर घरात दोन दिवस चर्चा झाली. मी थांबले, कारण त्यांनी पाठवलेल्या मेलमध्ये "कबूल केलेली खोली देता आली नाही" असं स्वच्छ लिहिलं होतं. मला ते वाक्य हवं होतं. त्याच संध्याकाळी रिव्ह्यूखाली परताव्याची नोंद टाकली. म्हणून इथे त्या घराचं किंवा अ‍ॅपचं नाव लिहीत नाही, मेसेजमध्येही विचारू नका. तक्रारीच्या मेलचा मसुदा हवा असेल तर जरूर मागा, पाठवते.

पंगतीतल्या काकांनाही हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "आम्हाला नाही बाई जमायचं." काका, तुमचं महाबळेश्वरचं प्रकरण अजून दोन वर्षांच्या आत आहे. या रविवारी कागद घेऊन घरी या, आपण बसून लिहू.

मे महिन्यात आम्ही पुन्हा मालवणला जातोय. परवा काकूंना फोन केला आणि विचारलं, अ‍ॅडव्हान्स किती पाठवू? त्यांनी आधी सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी केली, मग म्हणाल्या, "अ‍ॅडव्हान्स कसलो? आधी येवा तर."