पाच मिनिटं शांत बसा

बीपी मोजायच्या मशीनसोबत एक घडीपत्रक येतं. अर्धा तास आधी चहा नको, लघवीला जाऊन या, पाठ टेकवा, मांडीवर मांडी नको, दंड छातीच्या पातळीवर ठेवा, बोलू नका. आणि पाच मिनिटं शांत बसा. बाकी सगळं मला जमतं. हे शेवटचं ज्यानं लिहिलं, तो नागपुरात, निदान मे महिन्यात आमच्या घरी, राहिलेला नसावा.

मशीन घरात आलं ते जबड्यामुळे. मान आखडली तेव्हा मी उशी बदलली. छातीत जळजळ सुरू झाली तेव्हा सावजी सोडलं. हे दुःख नागपूरबाहेरच्याला सांगून उपयोग नाही. मग सकाळी उठलो की जबडा दुखायला लागला. दातांचे डॉक्टर म्हणाले, "टेन्शनमुळे तुम्ही झोपेत दात खाता." घरी येऊन सांगितलं तर बायको म्हणाली, "अगंबाई! मी उंदीर समजून पिंजरा लावून राहिली होती."

उंदराचा या ताणाच्या प्रकरणाशी तसा जुना संबंध आहे. हान्स सेल्ये नावाच्या शास्त्रज्ञानं 1936 साली 'नेचर'मध्ये एक छोटंसं टिपण छापलं. उंदरांना थंडीत ठेवा, दमवा, नाहीतर विषारी औषध द्या. त्रास कोणताही असो, शरीरात बिघाड तोच. मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी सुजलेल्या, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसलेली, पोटात व्रण. (मे महिन्यात कुणी थंडीत ठेवत असेल तर आमची उंदीर व्हायची तयारी आहे.)

शरीराची खरी पंचाईत अशी की त्याला संकट एकच कळतं: वाघ. वाघ दिसला की अ‍ॅड्रिनॅलिन सुटतं, ठोके वाढतात, स्नायू ताठतात, यकृत रक्तात साखर सोडतं, पचन मागे पडतं. पळायचं असतं ना! पाठोपाठ कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं संप्रेरक येतं. आपल्याकडची माणसं जिप्सीचे पैसे भरून ताडोब्यात जातात आणि सांबर पाहून परत येतात. इकडे माझ्या शरीराला विजेच्या बिलात वाघ दिसतो, पोरीच्या बारावीच्या निकालात दिसतो, सिमेंट रोडसाठी दारासमोर खड्डा खोदून गायब झालेल्या ठेकेदारात तर जोडीनं दिसतो. पळायचं कुठे? दारात खड्डा.

दातवाल्यांनी बीपीवाल्यांकडे धाडलं. तिथे आकडा निघाला 154/96. पांढरा कोट पाहूनच काहींचं बीपी चढतं म्हणे. पण आमचे डॉक्टर चौकड्याचा शर्ट घालतात. "एका आकड्यावर गोळी देत नाही. घरी सकाळ-संध्याकाळ मोजा, वहीत लिहा. आणि टेन्शन घेऊ नका." हे शेवटचं वाक्य म्हणजे तर्री सांडलेल्या शर्टाला 'डाग पडू देऊ नको' म्हणण्यासारखं झालं.

सकाळी पट्टा बांधून डोळे मिटले. कुलर घरघरत होता. पहिल्याच मिनिटाला शेजारचे काका आत. "काऊन भाऊ, बीपी पाहून राहिले का? माह्या साडूचं असंच झालं होतं." साडूचं पुढे काय झालं ते मला ऐकायचं नव्हतं आणि बोलायची मनाई होती. काकांनी ते सविस्तर सांगितलं. 158. संध्याकाळी बसलो तर मोठ्या वहिनींचा फोन, तोही स्पीकरवर: "निकाल कधी आहे जी? आमच्या पिंटूले तर ब्याण्णव होते." 161.

उपाय केले नाहीत असं नाही. आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चालावं, म्हणून अंबाझरीला जाऊ लागलो. चालणं उत्तमच, मान पहिल्यांदा मोकळी झाली ती तिथेच. पण चालून झालं की आमचं सगळं टोळकं पोह्याच्या ठेल्यावर, आणि तिथे राजकारण. वर तर्री. श्वासाचं मात्र मी मनापासून सांगतो: चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. सोडलेला श्वास लांबला की ठोके मंदावतात, नाडीवर बोट ठेवा, कुणालाही कळेल. फक्त मोजताना बायको "अहो, ऐकलं का" म्हणाली तर आकडा विसरू नये.

वही भरली. आकड्यापुढे कारण लिहायची मला सवय लागली होती, त्यामुळे डॉक्टर ती कादंबरीसारखी वाचत बसले. 'पिंटू'पाशी हसले. मग एका ओळीवर थांबले: 122/78.

"या दिवशी काय केलं?"

"लाइट गेली होती जी. दुपारभर. कुलर बंद, टीव्ही बंद, मोबाइल डिस्चार्ज. काकाही घराबाहेर पडले नाहीत. मी फरशीवर पडून होतो." बायकोनं माझ्याकडे अभिमानानं पाहिलं. मलाही वाटलं, शांती म्हणतात ती हीच.

"तसं नाही," डॉक्टर म्हणाले. "उकाड्यात रक्तवाहिन्या पसरतात, घामानं पाणी जातं, बीपी उतरतंच. आणि पडून मोजलेलं मी धरत नाही. खुर्चीत बसून, पाच मिनिटं शांत..."

"डॉक्टरसाहेब," बायको म्हणाली, "त्यापेक्षा गोळीच लिहून द्या नं."