आरमार कागदावरच जिंकावं

फुल थ्रस्ट जिंकायचा असेल तर टेबलाजवळ जायची घाई करू नका. टेबलावर फासे असतात, मोजपट्टी असते आणि समोर एक माणूस असतो. तिन्ही बेभरवशाचे. त्यापेक्षा आदल्या रात्री वही, पेन्सिल आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसा. लढाई तिथेच उरकते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हा अंतराळ-आरमारांचा खेळ ब्रिटनमधल्या ग्राउंड झीरो गेम्सच्या जॉन टफ्लींचा. दुसरी आवृत्ती १९९२ची. जहाज बांधायचा हिशोब १९९८च्या फ्लीट बुकमध्ये नव्याने मांडला गेला, आणि तुमच्यासारख्या होतकरूंची सोय तिथेच झाली. प्रत्येक गोष्टीला वजन, आणि वजनावरून पॉइंट, म्हणजे किंमत. तोफेला वजनाच्या तिप्पट, इंजिनाला दुप्पट. नुसत्या सांगाड्याला मात्र जहाजाच्या एकूण वजनाइतकेच: २० वजनाला २०, २०० वजनाला २००. सगळं कसं समान, न्याय्य.

म्हणून छोटी जहाजं बांधूच नका. दहा छोट्यांतलं एकेक बुडतं आणि जाताना आपल्या तोफा घेऊन जातं. एकच दांडगं जहाज मात्र घाव मोजायच्या चौकोनांची पहिली रांग खोडली जाईपर्यंत सगळ्या तोफांनिशी भांडत राहतं. पॉइंट जवळपास तेवढेच. कुणी भाबडेपणाने कान्होजी आंग्र्यांच्या गलबतांचा दाखला देईल. त्याला नम्रपणे सांगा, की आंग्र्यांना पॉइंट मोजायचे नव्हते. आणखी एक जमात असते, ती म्हणते, सांगाड्याची किंमत वजनाच्या वर्गाला शंभराने भागून काढा. म्हणजे २० वजनाला ४ आणि २०० वजनाला ४००. गणित बरोबर आहे, आणि म्हणूनच असल्या माणसाशी वाद घालू नये. चहा करायला आत पाठवावं आणि तेवढ्यात जहाजं मांडून घ्यावीत.

आता खरी विद्या: फायटर, म्हणजे छोटी लढाऊ विमानं.

एका गटात सहा फायटर. त्यांच्यावर उतारा म्हणजे पीडीएस. आपल्याकडे पीडीएस म्हटलं की रेशनचं दुकान आठवतं. इथे ती विमानं पाडणारी छोटी तोफ आहे. पण गरज पडेल तेव्हा पुरत नाही, हे दोन्हीकडे सारखंच. एका पीडीएसला एक फासा: ४ किंवा ५ पडले तर एक फायटर, ६ पडले तर दोन आणि पुन्हा एकदा फासा. सरासरी काढली तर ०.८ फायटर. समोरच्या सालस माणसाने आपल्या क्रूझरवर दोन पीडीएस बसवल्या आहेत, पुस्तकात असतात तशा. तुम्ही चार गट सोडलेत, म्हणजे २४ फायटर. दीड-दोन पडले. उरलेल्या बावीसांचा प्रत्येकी एक फासा, तोही सरासरी ०.८चाच. झाले अठरा घाव. आणि ६० वजनाच्या साध्या क्रूझरच्या हलला, म्हणजे घाव झेलणाऱ्या अंगाला, चौकोन किती? वजनाच्या तीस टक्के. म्हणजे अठरा. तो पेन्सिलीने एकेक चौकोन खोडत असतो तेव्हा त्याच्याकडे बघू नका, खिडकीबाहेर बघा.

एकच गट आणला असतात तर? त्याच दोन पीडीएसनी निम्म्याची धूळधाण केली असती, असं नाही, पण सहातले चार उरून तीन-चार ओरखडे काढून परतले असते. फायटरच्या गटाची किंमत पहिल्याला असते तीच चौथ्याला, ताकद मात्र गर्दीने वाढते. आणि समोरच्याने घाबरून प्रत्येक जहाजावर आठ-आठ पीडीएस चढवल्या, तर पुढच्या वेळी एकही फायटर आणू नका. त्याचं तेवढं वजन फुकट गेलं. यात योग्य किंमत ठरवणं देवालाही जमणार नाही. तुम्हाला फक्त तो काय आणतोय हे आधी कळायला हवं. त्याच्या बायकोशी ओळख ठेवा.

कॅरिअर, म्हणजे फायटर वाहून नेणारं जहाज, मात्र साबणाच्या फुग्यासारखं बांधा. हल जेमतेम दहा टक्के, बाकी सगळे हँगर. मागच्या कोपऱ्यात उभं करायचं आणि विमानं सोडून द्यायची. कुणी फुंकर मारली तरी फुटेल, पण फुंकर मारायला कुणी तिथवर पोहोचायला हवं ना.

समोर क्षेपणास्त्रवाला असेल तर मघाशी हिणवलेली छोटी जहाजं बिनदिक्कत आणा. सॅल्व्हो मिसाइल २४ इंचांपर्यंत टाकतात, आणि सगळ्यांच्या चाली झाल्यावर ते सहा इंचांतल्या सर्वांत जवळच्या जहाजावर जातं. तेव्हा दोन पैशांच्या टेहळणी नावा पुढे पाठवायच्या. त्यांच्यावर खलाशी असतात, हा विचार करायचा नाही. नावं ठेवलीत तर फसाल. मी एकदा ठेवली होती.

राहिला हुकूम लिहिण्याचा भाग. प्रत्येक फेरीआधी दोघांनी गुपचूप लिहायचं: वेग किती वाढवणार, कुठे वळणार. समोरचा काय लिहील याचा अंदाज बांधायचा, त्याच्या डोळ्यांकडे बघायचं, आपल्याच वेगाने आपण कुठे भिरकावले जाऊ ते मनात मोजायचं. रिकामटेकड्यांचं काम. मी एकदा या नादी लागलो. माझं सर्वांत मोठं जहाज २४च्या वेगाने चाललेलं, इंजिन चारचं, म्हणजे घड्याळाच्या दोनच तासांइतकं वळणार. मला हवं होतं डावीकडे, ‘पी २’. लिहिलं ‘एस २’, म्हणजे उजवीकडे. कागद उलटल्यावर अख्खं टेबल उठून उभं राहिलं आणि माझं जहाज सहा फुटी टेबलाची कड ओलांडून चिवड्याच्या ताटलीपाशी जाईपर्यंत सगळ्यांनी सलाम ठोकला. इतका हसलेलो मी नंतर कधी आठवत नाही. हरलो अर्थात. वहीत बसून हे होत नाही.

तीन-चार रविवार असे जिंकलात की समोरचा पुढच्या वेळी कॅरमबोर्ड काढेल. नाही म्हणू नका. फक्त बसायच्या आधी खिशातून तराजू काढा आणि त्याचा स्ट्रायकर १५ ग्रॅमच्या आत आहे ना, ते बघून घ्या.