मामाच्या गाडीचा क्लेम आणि "आधी वाचायला हवं होतं" म्हणणारे शहाणे

आज सकाळी मामाने फॅमिली ग्रुपवर विमा कंपनीच्या हिशोबाचा फोटो टाकला. खाली एकच ओळ, "एवढेच मिळणार म्हणे." त्यावर लगेच आमच्या पुण्याच्या बंधुराजांचं उत्तर, "मामा, पॉलिसी घेताना वाचायची असते ना." वर हसरा चेहरा. तेव्हापासून डोकं फिरलंय. तिथे लिहिलं तर भांडण होईल, म्हणून इथे लिहितोय.

मामा कोण ते माझ्या जुन्या मित्रांना सांगायला नको. उभी हयात बेस्टमध्ये काढलेला माणूस. विजेचं बिल आलं तरी मागच्या बिलाशी ताडून मगच भरणार. रिटायर झाल्यावर आयुष्यातली पहिली गाडी घेतली, उपनगरातल्या एका मोठ्या शोरूममधून. वरचं मॉडेल परवडत नव्हतं म्हणून मधलं घेतलं. तर सेल्सवाला म्हणतो, "काका, वरच्या मॉडेलात आहे तीच स्क्रीन, तोच कॅमेरा आपण इथे बसवून देतो. कंपनीचंच आहे, जेन्युइन." खोटं नव्हतं ते, खोक्यावर गाडीच्या कंपनीचाच शिक्का होता. स्क्रीन, मागचा कॅमेरा, सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर, पायाशी निळे दिवे (हा नातवाचा हट्ट), सीट कव्हर, मॅट. त्याचं वेगळं बिल झालं. आणि शेजारच्याच टेबलावर त्याच शोरूमच्या मॅडमनी विमा काढून दिला. "झिरो डेप घ्या काका, सगळं कव्हर."

सगळं कव्हर!

यंदा पावसात मुंबईत गांधी मार्केटला पाणी भरलं. दरवर्षी भरतं, त्यात नवल काही नाही. गाडी रस्त्यावर उभी, पाणी रात्रीत सीटपर्यंत चढलं. मामाने सकाळी चावीला हातसुद्धा लावला नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हापासून मुंबईतल्या प्रत्येकाला हे एक कळलंय की पाण्यात बुडालेली गाडी चालू करायची नाही, इंजिनात पाणी ओढलं जातं आणि मग विमावाले हात वर करतात. मामाने फोन करून टोइंग बोलावलं. इंजिन वाचलं. कार्पेट, दारांची पॅडं, मूळ वायरिंग, सगळ्याचे पैसे मिळाले. अ‍ॅम्प्लिफायर, स्क्रीन, कॅमेरा, दिवे, सीट कव्हर यांचं शून्य.

का? तर पॉलिसीच्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कशाचा किती विमा ते लिहिलेल्या पानावर, आयडीव्हीच्या (विम्यासाठी धरलेल्या किमतीच्या) रांगेत कप्पे असतात: गाडीची किंमत, इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, नॉन-इलेक्ट्रिकल अ‍ॅक्सेसरीज, सीएनजी किट. मामाच्या पॉलिसीत पहिला कप्पा भरलेला, बाकी सगळीकडे शून्य. गाडीची किंमत धरतात ती गाडीच्या कंपनीने त्या मॉडेलची जी किंमत जाहीर केलेली असते ती, त्यातून वयाप्रमाणे घसारा वजा. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, चार वर्षं उलटली की ५०. जे त्या किमतीत धरलेलं नाही ते वेगळं लिहावं लागतं, त्याचा वेगळा प्रीमियम भरावा लागतो. म्हणजे फॅक्टरीतून स्क्रीन लागून आलेलं वरचं मॉडेल घेतलं असतं तर ती आपोआप विम्यात. तीच स्क्रीन, तोच शिक्का, पण शोरूमच्या मागच्या शेडमध्ये पोऱ्याने बसवली तर विम्याच्या लेखी ती गाडीत नाहीच. आणि झिरो डेप? ते फक्त विम्यात असलेल्या पार्टांचा घसारा माफ करतं. प्लास्टिक-रबराचे एरवी निम्मेच पैसे देतात, ते पूर्ण मिळतात. जे यादीतच नाही त्याला झिरो डेप काय करणार?

बरं, खर्च किती होता? इलेक्ट्रिकल सामानाला किमतीच्या साधारण ४ टक्के प्रीमियम घेतात. मामाचं सामान चाळीस हजारांच्या आसपास, म्हणजे वर्षाला सोळाशे रुपये, वर जीएसटी. मामाने ते डोळे मिटून दिले असते. त्याला कोणी विचारलंच नाही.

आणि इथेच मला बंधुराजांचा राग येतो. अ‍ॅक्सेसरीजचं बिल करणारा आणि पॉलिसीचा फॉर्म भरणारी, दोघं एकाच छताखाली, एकाच मालकाचे पगारी. एका कॉम्प्युटरवर स्क्रीनचे पैसे जमा होतायत, दुसऱ्यावर "अ‍ॅक्सेसरीज: ०" टाइप होतंय. आणि चूक कोणाची, तर पासष्टीच्या माणसाची! त्याने म्हणे इंग्रजी बारीक अक्षरं वाचायची. अरे, २०१७ पासून आयआरडीएआयचे, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचे नियम आहेत की विमा विकणारा डीलर नुसता गाडीवाला नाही, तो विमा कंपनीचा किंवा ब्रोकरचा नेमलेला मोटर इन्शुरन्स सर्व्हिस प्रोव्हायडर आहे. पैसे घेताना तो विमावाला, आणि प्रश्न विचारला की "सर, आम्ही फक्त गाड्या विकतो".

हो, मान्य, पॉलिसी आल्यावर शेड्यूलचं एक पान बघता येतं. बघावं. पण जरा प्रामाणिकपणे सांगा, तुमच्यापैकी किती जणांनी पाहिलंय?

नुकसान तपासायला आलेल्या सर्व्हेअरवर मात्र माझा राग नाही. तरुण मुलगा होता, गॅरेजच्या चिखलात गुडघ्यावर बसून सगळे फोटो काढले. मामाने त्याला चहा पाजला. जाताना तो म्हणाला, "काका, मला दिसतंय ना सगळं, बिल पण आहे तुमच्याकडे. पण शेड्यूलमध्ये शून्य आहे, मी काय लिहू?" मामाच त्याची समजूत घालत होता. असा आहे तो.

आता काही जण येतील सांगायला की मॉडिफिकेशनवाल्यांना असंच पाहिजे. काहींना पाहिजेच. सायलेन्सर फाडून रात्री मरीन ड्राइव्हवर फिरणारी पोरं, पुढे लोखंडी बुलबार लावणारे (२०१७ मध्ये केंद्रानेच राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितली), इंजिनाची ताकद वाढवून घेणारे. गाडी मुळात जशी होती तशी राहिलीच नाही तर विमा कंपनीने कशाची जोखीम घेतली होती? मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही सांगितलं की कंपनीने बनवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी गाडी करता येणार नाही. त्यांचा क्लेम अडकला तर मला झोप लागेल. मामाने सीट कव्हर घातली होती हो. सीट कव्हर!

सीएनजीवाल्यांनी मात्र खरंच सावध व्हा, तिथे चाळीस हजारांवर भागत नाही. बाहेरून किट बसवलं आणि आरसीवर, पॉलिसीवर नोंद नाही, तर आग लागली की अख्खा क्लेम वादात. किट मान्यताप्राप्त हवं, आरटीओत नोंद हवी, मग विमा कंपनीकडून एंडोर्समेंट, म्हणजे पॉलिसीत तशी नोंद. थर्ड पार्टीचे (दुसऱ्याच्या नुकसानीच्या विम्याचे) जास्तीचे ६० रुपये आणि किटच्या किमतीवर तेच ४ टक्के. कंपनी फिटेड सीएनजी असेल तरी पॉलिसीत इंधन नुसतं "पेट्रोल" लिहिलंय का ते बघा. मॉडेलचं नाव पण बघा, खालच्या मॉडेलचं पडलं तर आयडीव्हीच कमी लागतो. आणि ऑनलाइन रिन्यू करताना तो अ‍ॅक्सेसरीजचा कप्पा रिकामा सोडला तर आधी लिहून घेतलेलं सामानही पुढच्या वर्षी गळतं. वर्षाच्या मधे नोंद करता येते, बिल जोडून मेल करा, फार तर गाडी बघायला माणूस येईल.

हे लिहिता लिहिता मामाचा फोन येऊन गेला. म्हणाला, "जाऊ दे रे, इंजिन वाचलं ना." दुपारी मामीने त्याला ते निळे दिवे काढून टाकायला लावले म्हणे. त्याचा आवाज ऐकून माझा निम्मा राग उतरला, आणि बंधुराजांचा मेसेज पुन्हा पाहून परत चढला.

सोमवारी विमा कंपनीच्या ग्रिव्हन्स ऑफिसरकडे अर्ज देतोय, सोबत दोन्ही बिलं, एकाच तारखेची, एकाच शोरूमची. क्लेमचे पैसे द्या असं नाही म्हणत, तो शेड्यूलप्रमाणे बरोबरच असेल. पण तुमच्या नावाने विमा विकणाऱ्याने समोर असलेलं सामान फॉर्मवर का लिहिलं नाही, याचं उत्तर द्या. महिन्यात समाधान झालं नाही तर विमा लोकपाल, तिथे फी नाही, वकील लागत नाही. शोरूमसाठी ग्राहक आयोग आहेच.

कोणी लोकपालाकडे जाऊन आलं असेल तर एक सांगा, अर्ज मराठीत चालतो ना? मामाला तो स्वतःच्या हाताने लिहायचाय.