डाळीत साखर

गेल्या शनिवारी सकाळी सात वाजता, डोंबिवलीपासून सुमारे चौदा हजार किलोमीटरवर, वीस-पंचवीस अनोळखी माणसं माझ्या आईच्या पुरणपोळीला हसली. हसली म्हणजे कशी, तर एकाला ठसका लागला. त्याच्या पाठीवर मीच थोपटलं. आणि त्या सगळ्यांत सर्वांत वर जो आवाज होता, तो माझ्या चांगला ओळखीचा आहे. त्या आवाजाशी लग्न होऊन मला सतरा वर्षं झाली.

स्थळ त्रिनिदाद. आम्ही न्यूजर्सीत राहतो. सोमवारची सुट्टी जोडून आली होती, मुलं मित्राच्या गळ्यात मारली होती. बायकोला समुद्र हवा होता, मला खाणं. बायकोच्या सगळ्या मैत्रिणी अरुबाला जाऊन आल्यात, त्यामुळे तिच्या मते कॅरिबियन म्हणजे अरुबा. मी ‘न्यूयॉर्कहून थेट विमान, पाच तास’ असं सांगून त्रिनिदाद गळी उतरवलं. १९७१ साली गावसकरने पोर्ट ऑफ स्पेनच्या क्वीन्स पार्क ओव्हलवर १२४ आणि २२० केले होते आणि ते मैदान मला एकदा निदान बाहेरून बघायचं होतं, हे कारण मी घरी सांगितलं नाही. संसारात सगळंच बोलून दाखवायचं नसतं. हॉटेलचा एसी रात्रभर कसा ठिबकत होता तेही आत्ता राहू दे. सरळ क्युरेपच्या नाक्यावर येतो.

तिथे डबल्स मिळतात. हळद घातलेल्या मैद्याची तळलेली मऊ चकती, तिला म्हणतात ‘बारा’. (आपल्याकडे हा शब्द ऐकला की घड्याळ आठवतं, तिथे भूक लागते.) अशा दोन बाऱ्यांवर काबुली चण्यांची सरसरीत उसळ, वर काकडी, चिंचेची चटणी, कुचेला म्हणजे किसलेल्या कैरीचं लोणचं आणि शेवटी तिखट. १९३६ साली प्रिन्सेस टाऊनला इमामूल दीन नावाच्या गृहस्थांनी हे विकायला सुरुवात केली. आधी एकच बारा असायचा, गिऱ्हाईकं ‘डबल कर’ म्हणायला लागली, म्हणून डबल्स, असं सांगतात. विकणारा एका पेटीमागे उभा असतो आणि त्याचा हात आपल्या डोळ्यांपेक्षा वेगाने चालतो. तो फक्त एवढंच विचारतो, “स्लाइट, मीडियम, प्लेंटी?” हे तिखटाबद्दल असतं. रांग नसते, घोळका असतो. उभ्याउभ्या खायचं, लागेल तसं मागायचं, आणि शेवटी आपण किती खाल्ले ते आपणच सांगून पैसे द्यायचे. डोंबिवलीतला वडापाववाला एवढा विश्वास सख्ख्या मेव्हण्यावर टाकणार नाही.

मी ‘स्लाइट’ म्हणालो. बायको माहेरची जळगावची, ती ‘प्लेंटी’ म्हणाली. आणि मग मी चमचा मागितला.

हातात ओघळणारा कागद आला तर सभ्य माणूस चमचा मागतो, यात माझं काय चुकलं ते मला अजून कळलेलं नाही. पेटीमागच्या माणसाचा हात थांबला. त्या सकाळी तो एवढा एकदाच थांबला असावा. “चमचा?” त्याने विचारलं. “डबल्सला?” घोळका वळून बघायला लागला. इतक्यात माझ्या मागून एक आठेक वर्षांचा मुलगा ओरडला, “आजी! आजी!”

आता तुम्ही सांगा. परमुलुख, सकाळची वेळ, हातावरून चण्याचा रस्सा कोपराकडे निघालेला, आणि कानावर स्वच्छ ‘आजी’. मला एकदम भरून आलं. मी गर्रकन वळलो आणि समोरच्या बाईंना म्हणालो, “अय्या! आजी, तुम्ही कुठल्या?” ‘अय्या’ मी आयुष्यात कधी म्हणत नाही. त्या दिवशी आलं तोंडून.

साठी-सत्तरीच्या बाई. जास्वंदीच्या फुलांचा झगा, हातात सोन्याच्या बांगड्या, काखेत प्लास्टिकची मोठी पिशवी. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, मग घोळक्याला उद्देशून इंग्रजीत म्हणाल्या, “हा कुठली भाषा बोलतोय? मद्रासी असेल.”

जन्मभर मी विंध्याच्या नव्हे, कोल्हापूरच्या खालच्या सगळ्यांना सरसकट मद्रासी म्हणत आलो. तो हिशेब असा क्युरेपच्या नाक्यावर चुकता होईल असं वाटलं नव्हतं.

खुलासा असा झाला की त्रिनिदादच्या हिंदू घरांत बापाच्या आईला आजीच म्हणतात आणि बापाच्या बापाला आजा. भोजपुरीतून आलेले शब्द. १८४५ च्या ३० मेला ‘फतेल रझाक’ हे पहिलं जहाज आलं, तेव्हापासून १९१७ पर्यंत १ लाख ४३ हजारांच्या आसपास माणसं मजुरीच्या करारावर इथे आणली गेली. बहुतेक कलकत्त्याहून, थोडी मद्रासहून. म्हणजे बाईंनी मला अगदीच उगाच मद्रासी म्हटलं नव्हतं, त्यांच्याकडे दोनच खोके होते आणि पहिल्यात मी मावत नव्हतो. भाषा गेली, नाती राहिली. नाती आणि खाणं.

“तू खरा इंडिया-इंडियाचा?” आजींनी विचारलं. मी मान ताठ केली. खोटं कशाला सांगू, मला वाटलं होतं की इथे जरा मान मिळेल. मूळ प्रत आहे शेवटी. “मग हिंदी बोलून दाखव.”

मी बोललो. डोंबिवली फास्टमध्ये चौथ्या सीटसाठी जी वापरतात ती हिंदी. आजींनी लक्ष देऊन ऐकली आणि मान हलवली. “माझी नानी असं बोलत नसे. ती गोड बोलायची.”

मी बाजू सावरायला म्हटलं, मी गावसकरच्या मुंबईजवळचा. यावर टोपीवाल्या एका काकांचा चेहरा उजळला. त्यांनी १९७१ च्या त्या कसोटीत गावसकरची दाढ कशी ठणकत होती ते सांगितलं आणि मग माझ्या डोळ्यांतून वाहणाऱ्या पाण्याकडे बघत राहिले. ‘स्लाइट’चं पाणी होतं ते. त्याने दाढदुखीत २२० काढल्या, तुला दोन बारे संपत नाहीत, हे ते बोलले नाहीत. गरज नव्हती.

मग परीक्षेचा खाण्याचा पेपर निघाला. आजींनी बायकोला विचारलं, “बेटा, तू घरी काय करतेस?” बायकोने तोंडातला घास गिळला आणि शांतपणे सांगितलं: वांगी विस्तवावर भाजायची, लसूण, हिरवी मिरची, वरून कडकडीत तेल. आजींनी टाळी वाजवली. “बैगन चोका! ही बरोब्बर इंडियन!” घोळक्यातून पसंतीचा हुंकार निघाला. मला सांगायचं होतं की हे भरीत ती वर्षातून एकदा करते आणि बाकीचे दिवस माझ्याकडून पास्ता करवून घेते. पण तोपर्यंत आजी माझ्याकडे वळल्या होत्या. “आणि तुझ्या घरी?”

त्यांच्याकडे धालपुरी नावाची मोठी रोटी करतात, पोटात भरडलेली पिवळी डाळ आणि जिरे, ज्याला त्या ‘गीरा’ म्हणत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडेही अशीच करतात, पुरणपोळी. डाळ शिजवायची, वाटायची, लाटायची. आजी खूश. इथेच थांबायला हवं होतं. पण माणसाला पैकीच्या पैकी मार्कांचा मोह होतो. म्हणालो, “फक्त आम्ही त्यात गूळ घालतो. किंवा साखर.”

“डाळीत?”

“हो.”

“डाळीत साखर?” आजी वळल्या. “अरे ऐकलं का, हा डाळीत साखर घालतो!” पुढचं सुरुवातीला सांगितलंच आहे.

मी भांडलो, नाही असं नाही. म्हटलं, वर तूपही घालतो. त्याने जास्तच हशा पिकला. म्हटलं, सणाला करतात, होळीला करतात. “आमच्याकडे पण फगवा असतो,” आजी म्हणाल्या, “पण आम्ही डाळीचं असं काही करत नाही.” मी म्हटलं, एकदा खाऊन तरी बघा. तर नातवाचं नाक पुसता पुसता त्या म्हणाल्या, “माझ्या आजाने आयुष्यभर ऊस तोडला, बेटा. आमच्या घरात साखर बघून झाली.”

आता याला काय उत्तर आहे? तिखट-गोडाचा साधा वाद चाललेला, हसतखेळत, आणि बाईंनी मधेच शंभर वर्षांचा इतिहास काढून ठेवला. हा फाऊल आहे. त्यांना ते तसं म्हणायचंही नव्हतं, त्या लगेच तिसऱ्या डबल्सकडे वळल्या. तोंडात घास घेऊन उभा राहिलो मी. आमच्याकडचा ऊस तोडायला बीडहून बायकापोरांसकट माणसं येतात, बैलगाड्यांतून, ट्रॅक्टरमधून, आणि त्यांच्या पालांवर होळीला पुरण शिजतं की नाही हे मी कधी कुणाला विचारलेलं नाही. तेही बोललो नाही. तेवढं इंग्रजी सकाळी सातला सुचत नाही, आणि शर्टावर हळदीचा डाग पसरत होता.

जाताना आजींनी माझा कागद हातात घेऊन बारा कसा तोडायचा, त्याच्याच तुकड्याने चणे कसे उचलायचे, ते नातवाला शिकवावं तसं शिकवलं. नातू मला हसला. त्याचं आणि माझं जमलं असतं एरवी.

दुपारी माराकसला गेलो. डोंगरातून जाणारा तो उत्तर किनाऱ्याचा रस्ता अमेरिकन लोकांनी दुसऱ्या महायुद्धात बांधून दिला, कारण चागुआरामसचा किनारा त्यांनी नाविक तळासाठी घेतला होता. किनारा सुंदर आहे, नारळ आहेत, लाटा आहेत, जास्त काय सांगायचं, किनारा तो किनारा. तिथे ‘बेक अँड शार्क’ खाल्लं. शार्क म्हणजे आपली मुशीच, पण तळलेल्या गरगरीत पावात घालून वर अननसापासून लसणीपर्यंत चौदा चटण्या. फार चांगलं होतं. मला नीट लागलं नाही. बायको वाळूवर पालथी पडून माहेरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळचा प्रसंग लिहीत होती, आणि सासूबाईंचा हसून डोळ्यांतून पाणी आलेला तोंडवळा, एका खाली एक सात वेळा, मी तिच्या खांद्यावरून पाहिला.

ओव्हल राहिलंच. सोमवारी परतीच्या वाटेवर टॅक्सी तिकडे वळवू या म्हटलं, तर बायको म्हणाली, “मैदान काय बघायचंय, क्युरेपला थांबू.” मी डोकं खाली घालून त्याच पेटीसमोर उभा राहिलो. आजी नव्हत्या, देवाची कृपा. पेटीमागच्या माणसाने वर न बघता बारे टाकले, चणे टाकले, आणि मग माझ्याकडे बघितलं.

“स्लाइट, मीडियम, प्लेंटी?” जराशी उसंत. “ऑर शुगर?”

मी ‘प्लेंटी’ म्हणालो. दोन खाल्ले, दोन्ही प्लेंटी, चमच्याशिवाय.

पाच तासांचं विमान. माझी खिडकीची सीट होती. मधल्या सीटवर बायको झोपली होती, आणि कडेच्या सीटवर एक गृहस्थ, समोरचा ट्रे उघडून त्यावर जेवण मांडून बसले होते.